जो उतरला नाही

मंगळवार, ४ मार्च

काठी वरून तीन फुटांवर ओली झाली. मागच्या मंगळवारी साडेतीन होती. म्हणजे आठवड्याला सहा इंच, म्हणजे अजून सहा आठवडे. १५ एप्रिलला शेणाचा खड्डा काठोकाठ भरणार. दोनदा हिशेब केला, चूक नाही. झाकण उघडत नाही मी. पंपाच्या नळासाठी ठेवलेल्या भोकातून काठी सोडतो — वारा पाठीवर घेऊन, श्वास धरून. मॅमनी खिडकीतून पाहिलं. (आमच्यात आई म्हणजे मॅम, वडील म्हणजे डॅट.)

जेवताना डॅट म्हणाले, मका पेरायच्या आधी खड्डा उपसायचा. योस्टचा पंप आता त्याच्या भावाकडे, लेव्हीकडे आहे, तो घेऊन येईल. एवढंच म्हणाले आणि नूडल्सचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

म्हणजे पुन्हा तेच. तोच खड्डा, तोच पंप. दोन माणसं कमी.

हौदावर अजून बर्फ. एक गाय लंगडते.

गुरुवार, ६ मार्च

आज पुन्हा एक जण क्षमा करून गेला! खालच्या रस्त्यावरचा म्हातारा सुतार. घोडागाडी थांबवून उतरला, टोपी काढली, माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाला, मनात काही ठेवू नकोस, आम्ही कोणी काही ठेवलेलं नाही. बायकोने केलेला केक दिला आणि गेला.

नोव्हेंबरपासून हे एक्केचाळिसावे. ११ नोव्हेंबरला माझा थोरला भाऊ बेन्युएल, आमचा बेन, आणि शेजारचा योस्ट आमच्या खड्ड्यात मेले. मी वर उभा होतो. मी उतरलो नाही. त्या दिवसापासून आमच्या पंथाची सगळी मंडळी मला क्षमा करते आहे. एकानेही रागाचा शब्द काढला नाही. आमच्यात काढत नाहीत.

पण जे केलंच नाही त्याची क्षमा घेऊन ठेवायची कुठे? केक निदान खाता येतो.

रविवार, ९ मार्च

प्रार्थना नदीपलीकडच्या घरी होती. आत जाण्याआधी पुरुष गोठ्यापाशी रांगेने उभे राहतात, तसे उभे होतो. मी नेहमीसारखा कडेला. वर्गातली जुनी मुलं बेसबॉलबद्दल बोलत होती, उन्हाळ्यात कोणाला घ्यायचं वगैरे. कोणीतरी माझं नाव घेतलं, माहलन. लेव्ही माझ्याकडे न बघता म्हणाला, “त्याच्या हातात बॅट कशाला देता. टेलिफोन द्या.”

दोघे हसले आणि लगेच गप्प झाले. जेवणाच्या बाकावर लेव्ही मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, “मनावर घेऊ नकोस. मी क्षमा केलीय तुला.”

मी लोणच्याची वाटी त्याच्याकडे सरकवली. आणखी काय करणार? त्याचा भाऊ गेला. माझाही गेला, पण ते वेगळं धरतात.

बुधवार, १२ मार्च

डीकन टोबायस आले, मंडळीची शिस्त बघणारे. डीकन नुसतेच भेटायला येत नाहीत. मॅमनी कॉफी ठेवली आणि स्वतःहून बाहेर गेली.

बराच वेळ हवेबद्दल बोलले. मग मुद्द्यावर. ६ एप्रिलला तयारीची सभा आहे, २० ला प्रभुभोजन, सगळ्यांनी मिळून घ्यायची भाकर आणि द्राक्षारस. सभेत एकेकाला विचारतात — सगळ्यांशी शांती आहे का? एकाची जरी नसली तरी प्रभुभोजन होत नाही, कोणाचंच नाही. तर काही मनं अजून स्थिर नाहीत. योस्टच्या घरची. आणि बेनची बायको मलिंडा. तिने आजवर एकदाही ‘माझी शांती आहे’ असं म्हटलेलं नाही.

मी विचारलं, माझ्याबद्दल का? ते म्हणाले, दुसऱ्या कोणाबद्दल असणार, बाळा?

मग म्हणाले, ही शिक्षा नव्हे. २३ तारखेला प्रार्थनेनंतर मंडळीसमोर गुडघे टेक, जे घडलं ते कबूल कर, बिशप हात देऊन उठवतील, आणि विषय संपेल. त्यानंतर त्याबद्दल बोलायची कोणालाच मुभा नसते. “तुझ्यासाठीच बरं आहे ते.” किती मायेने म्हणाले! मी हो म्हटलं. मला मायेने बोलणाऱ्याला नाही म्हणता येत नाही.

गुरुवार, १३ मार्च

जेवण गेलं नाही. गाईंना वेळेवर घातलं.

शनिवार, १५ मार्च

काय कबूल करायचं ते डीकननी लिहून काढायला सांगितलं आहे. म्हणून आधी इथे लिहितो, जसं झालं तसं. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं, आमच्यात सगळ्यांचं तेवढंच. पण नीट लिहिता येतं.

सोमवार होता. डॅट गुरांच्या बाजाराला. मॅम आणि मलिंडा योस्टच्या घरी गोधडी शिवायला. खड्डा जवळजवळ उपसून झाला होता, तळाशी दोन फूट राड उरली होती. पंपाच्या तोंडाशी पेंढा अडकला. तळाशी आलं की अडकतोच. योस्ट म्हणाला, वरून काठीने होणार नाही, उतरावं लागेल.

सकाळपासून सडक्या अंड्यांचा भपकारा होता. मग एकाएकी येईनासा झाला. योस्ट म्हणाला, हवा साफ झाली. हवा साफ झालेली नव्हती. आमची नाकं बंद पडली होती. या विषाने आधी नाक बंद पडतं.

मला माहीत होतं. दूध न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याने सप्टेंबरात एक कागद दिला होता. आम्ही उन्हाळ्यापासून गोठ्यात जिप्समची भुकटी अंथरतो, बांधकामातल्या पांढऱ्या तक्त्यांचा चुरा. गाईंचे खूर कोरडे राहतात. पण तीच भुकटी शेणाबरोबर खड्ड्यात सडली की विषारी वायू कितीतरी जास्त होतो, आणि ढवळलं की एकदम वर येतो. हायड्रोजन सल्फाइड. कागदावरून तीनदा उतरवून काढलं होतं मी. बेनला वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, “तू वाचतोस फार. म्हणून घाबरायला नवे नवे विषय मिळतात तुला.” दोघे हसलो होतो.

योस्टने दोरीला कंदील बांधून खाली सोडला. विहिरीत उतरताना आमच्याकडे आजोबांच्या आधीपासून हेच करतात. ज्योत विझली तर उतरायचं नाही. ज्योत विझली नाही. “बघ कसा मजेत जळतोय,” योस्ट म्हणाला, “माझ्या सासऱ्यासारखा. नुसता बसून.” आणि उतरला. चौथ्या पायरीवर त्याचे हात सुटले. शिडीवरून पोतं पडावं तसा पडला. आवाजही केला नाही.

बेन इंजिनापाशी होता. धावत आला. मी त्याच्या विजारीचा खांद्यावरचा पट्टा धरला, दोन्ही हातांनी. म्हटलं, वायू आहे, त्या कागदातला वायू! तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं — हे मी शपथेवर सांगेन, पण आम्ही शपथ घेत नाही. रागावला नव्हता. म्हणाला, “सोड. मी खाली असतो तर योस्ट उतरला असता.” आणि माझे हात झटकून गेला. तीन पायऱ्या. फक्त तीन.

खाली कंदील जळतच होता. त्याच्या उजेडात दोघे दिसत होते.

मी पळालो. रस्त्याच्या तोंडाशी सगळ्या शेजारात मिळून एक टेलिफोनची खोपटी आहे, तिथपर्यंत. फोनवर मदतकेंद्राची बाई म्हणाली, आत जाऊ नका. तीनदा म्हणाली. मी म्हटलं, नाही जात. रस्त्याचं नाव अक्षर न् अक्षर सांगितलं, म्हणजे गाडी चुकणार नाही. मग परत येऊन झाकणापाशी उभा राहिलो आणि दोघांना नावाने हाका मारत राहिलो. एकोणीस मिनिटं.

उतरलो नाही ते मला ठाऊक होतं म्हणून, की मी भित्रा आहे म्हणून? प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन्ही एकाच वेळी होतं. वेगळं करता येत नाही.

पट्टा धरल्याचं कोणालाच माहीत नाही. दफनाच्या वेळी बिशप म्हणाले, शेजाऱ्यासाठी जीव दिला, याहून मोठं प्रेम नाही. सगळे रडत होते. अशा वेळी कसं सांगायचं, की मी त्याला धरलं होतं, बजावलं होतं, आणि त्याने ऐकलं नाही? ती चुगली झाली असती. मेलेल्या भावाची.

मंगळवार, १८ मार्च

काठी दोन फुटांवर.

अग्निशमन दलातला कर्टिस आला होता. इंग्लिश माणूस — म्हणजे आमच्यातला नव्हे. पाठीला हवेची टाकी बांधून बेनला यानेच वर काढलं. खड्डा उपसायचा आहे हे कुठूनतरी ऐकलं, म्हणून स्वतःहून आला. डॅटना म्हणाला, दोन्ही झाकणं उघडी टाका, ढवळायला लागलात की अर्धा तास कोणी जवळ फिरकू नका, गाई बाहेर काढा. पंप अडकला तर साखळीने ओढून वर घ्या, मोडला तर मोडू द्या. माणूस खाली नाही — पडलेल्याला काढायलाही नाही. आणि कंदील तर मुळीच नाही. त्या हवेत भडका उडू शकतो, आणि नाही उडाला तरी कंदील काहीच सांगत नाही.

डॅटनी सगळं ऐकून घेतलं. कॉफी दिली, अंडी दिली, गाडीपर्यंत पोचवायला गेले.

परत आल्यावर म्हणाले, “चांगला माणूस आहे. मागच्या वेळी योस्टनी घाई केली. कंदील पुरता वेळ खाली ठेवला नाही. आपण अर्धा तास ठेवू.”

मी म्हटलं, “डॅट, कंदिलाला श्वास लागतो, पण त्याला विष चढत नाही. त्याला यातलं काही कळत नाही.”

“माझ्या वडिलांना कळत होतं,” डॅट म्हणाले.

ते कधी आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

रविवार, २३ मार्च

झालं.

ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही ते सगळे बाहेर गेले. मी मधल्या जागेत गुडघे टेकले. फळ्या गार होत्या. लिहून नेलेलं पाठ होतं: मी घाबरलो. माझ्या भावाला आणि शेजाऱ्याला संकटात एकटं सोडलं. मंडळीने मला क्षमा करावी आणि माझ्यासाठी धीर धरावा. बिशपनी विचारलं, पुढे अशी वेळ आली तर वेगळा वागशील? हे कागदावर नव्हतं! मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार — सगळे ऐकत होते.

मग सगळ्यांचं मत घेतलं. पुरुषांच्या बाजूने हो, हो, हो. बायकांच्या बाजूने पुटपुट, त्यात मलिंडाचा आवाज मला ओळखता आला नाही. बिशपनी हात धरून उठवलं, गालाचं चुंबन घेतलं. लेव्ही बाहेर येऊन भेटला. त्याचे डोळे ओले होते. म्हणाला, “आता तू आमचा.”

डॅट परतीच्या वाटेवर मधेच म्हणाले, घोड्याला नाल मारायला हवी. खूश होते. चार महिन्यांत पहिल्यांदा.

सोमवार, २४ मार्च

खोटं बोललो. आणि तेही गुडघ्यांवर!

शुक्रवार, २८ मार्च

मलिंडा वाटाणा पेरत होती. ती आणि तिची मुलगी लीना आमच्याच घराच्या पलीकडच्या भागात राहतात, मधे एक भिंत. नोव्हेंबरपासून ती माझ्याशी ‘दूध ठेवलंय’, ‘दार लाव’ याच्या पलीकडे बोललेली नाही. मी तिच्यासाठी दोरी ताणून खुंट्या ठोकून देत होतो. न वळता तिने विचारलं, “शेवटी तो काही बोलला का?”

मी म्हटलं, “नाही. घाई होती.”

ती पुढच्या सरीकडे गेली. सरळ सरी काढते ती. बेनची कायम वाकडी जायची.

बुधवार, २ एप्रिल

संध्याकाळच्या धारेला डॅट शेजारच्या गाईपाशी बसले होते. गाईच्या पोटाला डोकं टेकवून बोलत होते, त्यामुळे मला फक्त पाठ दिसत होती. म्हणाले, पुढच्या गुरुवारी, दहा तारखेला, लेव्ही पंप आणतोय. अडकला तर मी उतरेन. दुसऱ्याच्या मुलाला उतरवणार नाही. कमरेला दोर बांधू, तू आणि लेव्ही धरा.

मी म्हटलं, दोर धरून दहा फुटांवरून सरळ वर ओढायला दोन माणसं पुरत नाहीत. कर्टिस म्हणाला होता.

मग डॅट म्हणाले, “दोर ढिला पडला तर तू येशील ना माझ्यासाठी?”

कागदातलं सगळं आठवत होतं. पहिला पडतो. दुसरा त्याला काढायला जातो. तिसरा दुसऱ्याला. एकेका घरातले तीन-तीन, चार-चार. हे आठवत असतानाच मी म्हटलं, “येईन, डॅट.”

त्यांनी मान हलवली. “मला माहीत होतं.”

आता काय? नाही म्हणालो तर मंडळीसमोर दिलेला शब्द खोटा. आणि उतरलो तर आठ दिवस राहिले. कोणाला दोष देऊ? सगळे चांगले आहेत. एकही वाईट माणूस असता यात, तर त्याच्यावर ओरडता आलं असतं.

गुरुवार, ३ एप्रिल

उत्तरेकडचं कुंपण दुरुस्त केलं. औजारं साफ करून जागच्या जागी लावली. कोणाला शोधत बसायला नको.

शुक्रवार, ४ एप्रिल

मलिंडाला सांगितलं.

कालपासून एकच डोक्यात होतं — गुरुवारी मी गेलो तर त्या दिवशी काय झालं हे कोणाच्याच डोक्यात उरणार नाही. फक्त या वहीत. आणि ही तर मी आधी जाळणारच.

ती कांदे लावत होती. मी वाफ्याच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं, न थांबता. कागद. कंदील. पट्टा दोन्ही हातांनी धरला होता ते. तो थांबला, त्याला कळलं होतं. मग तो काय म्हणाला ते, जसंच्या तसं. मागच्या शुक्रवारी खोटं बोललो तेही. आणि डॅटना काय कबूल करून बसलोय ते.

तिचे हात मातीत होते, तसेच राहिले. मग म्हणाली, “थांबला होता?”

“थांबला होता. माझ्याकडे पाहिलं.”

“मग झटकलं.”

“हो.”

ती उठली. कांद्यांची टोपली तिथेच. आत गेली आणि दार लावून घेतलं. मी उरलेले कांदे लावून टाकले, चार बोटांच्या अंतराने.

का सांगितलं? तिच्याकडे निदान एक बरं चित्र होतं त्याचं. तेही मी काढून घेतलं.

शनिवार, ५ एप्रिल

पलीकडची चूल दिवसभर पेटली नाही. मॅम सूप घेऊन गेली आणि तसंच परत घेऊन आली. मला म्हणाली, “काय बोललास तिला?” मी सूपचं भांडं तिच्या हातातून घेतलं.

उद्या सभा. मलिंडा शांती नाही म्हणणार, हे नक्की. प्रभुभोजन होणार नाही. माझ्यामुळे. मग पुन्हा गुडघे, पुन्हा क्षमा. आणि गुरुवार आहेच.

रविवार, ६ एप्रिल

डीकन बाकाबाकावरून विचारत गेले. पुरुष आधी. डॅट हो म्हणाले. मी हो म्हणालो. मग बायका. मलिंडाचा आवाज एरवी दुसऱ्या बाकापर्यंत जात नाही. आज सगळ्यांना ऐकू गेला.

“माहलनशी माझी शांती आहे. बेनशी नाही. माहलननं त्याला दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि तो हात झटकून गेला. मला आणि लीनाला झटकून गेला. तुम्ही त्याला प्रेम म्हणता, म्हणून मी पाच महिने गप्प आहे. मी त्याला क्षमा केलेली नाही. आणि गुरुवारी आमच्याच घरातला आणखी एक जण उतरायला निघालाय.”

मग डॅट उठले. टोपी हातात फिरवत होते. म्हणाले, “मी मघाशी हो म्हणालो ते मागे घेतो. पंप अडकला तर अडकू दे. खाली कोणी उतरणार नाही. कोणासाठीच नाही.”

बिशपनी पुस्तक मिटलं. प्रभुभोजन होणार नाही.

बाहेर सगळे घोडे जोडत उभे होते. लेव्हीने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. आज मला कोणीही क्षमा केली नाही.